चुका शोधायला शिकवण्याआधी

१९७९ साली अमेरिकेत दोन मजकूर प्रसिद्ध झाले. पहिला म्हणजे ग्लेनफर्ड मायर्स यांचे सॉफ्टवेअर टेस्टिंगवरचे पुस्तक. त्याच्या सुरुवातीलाच वाचकाची परीक्षा आहे. त्रिकोणाच्या तीन बाजूंचे आकडे घेऊन तो समभुज, समद्विभुज की विषमभुज हे सांगणारा एक छोटा प्रोग्राम तपासायचा आहे. कोणकोणते आकडे देऊन पाहाल? मायर्स यांच्या यादीत चौदा मुद्दे होते आणि त्यांच्या अनुभवानुसार मुरलेल्या प्रोग्रामरनाही त्यांतले सरासरी ७.८ सुचत. शून्य लांबीची बाजू, ऋण आकडा, दोन बाजूंची बेरीज नेमकी तिसरीएवढी भरणे, अशा गोष्टी भल्याभल्यांच्या नजरेतून सुटत. दुसरा मजकूर बेल्माँट अहवाल. टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सिफिलिस झालेल्या गरीब कृष्णवर्णीय पुरुषांना अंधारात ठेवून, उपचार हाताशी आल्यावरही ते न देता, केवळ रोग कसा वाढतो हे पाहिले गेले. ते उघडकीस आल्यावर नेमलेल्या आयोगाचा हा अहवाल. माणसाचा आदर, त्याचे हित आणि न्याय अशी तीन तत्त्वे त्याने संशोधनासाठी घालून दिली. टेस्टिंग कसे शिकवावे यावर कोणी संशोधन करायला निघाले, की हे दोन मजकूर एकाच टेबलावर येतात. दोन्ही एकच गोष्ट मागतात: काय काय बिघडू शकते, याचा काम सुरू होण्याआधी कसून विचार. माझे म्हणणे एवढेच नाही. अशा अभ्यासात विद्यार्थ्याला जपणाऱ्या बहुतेक तरतुदी अभ्यासाचा निष्कर्षही जपतात, आणि म्हणून नैतिक नियोजन हे शेवटी जोडायचे परिशिष्ट नसून मांडणीचे पहिले पान आहे.

समजा, असा अभ्यास ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड तालुक्यांच्या महाविद्यालयांत करायचा आहे. मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सी आयटीच्या अभ्यासक्रमात सॉफ्टवेअर क्वालिटी अ‍ॅशुरन्स हा विषय आहे, पण व्याख्या पाठ करून पेपर सोडवता येतो आणि तरीही समोरच्या फॉर्ममधला बग दिसत नाही, ही या विषयाची जुनी अडचण. शिष्यवृत्तीच्या अर्जाचेच घ्या. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. टेस्टर शिकलेला असेल तर तो एक लाख आणि पाच लाख टाकून थांबणार नाही. तो २,४९,९९९, २,५०,००० आणि २,५०,००१ टाकून पाहील, मग रकाना रिकामा ठेवील, मग आकड्याच्या जागी अक्षरे टाकील. ही नजर व्याख्यानाने जास्त येते की मुद्दाम चुका पेरलेल्या सराव-अ‍ॅपवर हात चालवून, हा आपल्या अभ्यासाचा प्रश्न. मोजण्याचे साधनही तयार आहे. प्रोग्राममध्ये जाणूनबुजून बारीक बदल करायचे आणि विद्यार्थ्याच्या टेस्ट केसनी त्यांतले किती पकडले ते पाहायचे, ही युक्ती १९७८ पासून संगणकशास्त्रात रुळलेली आहे.

पहिला आक्षेप इथेच येतो: यात धोका कसला? ना सुई, ना औषध, नुसते शिकवणे. हा आक्षेप दिसतो तितका हलका नाही, कारण रोजच्या वर्गात शिक्षक पद्धती बदलतच असतात आणि त्यासाठी कोणी कोणाची परवानगी घेत नाही. फरक पडतो तो नोंदी ठेवून त्या वर्गाबाहेर नेल्यावर. या अभ्यासात नोंदले जाते ते मुख्यतः विद्यार्थ्याला न सुचलेले. कोणाला कोणता बग दिसला नाही, कोण कुठे अडकले, कोणी घाबरून काम अर्धवट सोडले, याची तारीखवार यादी तयार होते. ती यादी ज्याच्या हातात असते, बहुधा त्याच्याच हातात प्रॅक्टिकलचे आणि इंटर्नलचे गुणही असतात. शिवाय वेळेचा प्रश्न. मुरबाडला रेल्वे नाही; टोकावडे किंवा धसई भागातून येणाऱ्या मुलीला वर्गानंतरचा एक जादा तास म्हणजे हुकलेली एसटी. आसनगाव, आटगाव, खर्डीकडच्या मुलांना लोकल असते, पण स्टेशनपासून पाड्यापर्यंतची वाट अंधारात तुडवायची असते. शहरात बसून आखलेल्या आराखड्यात हा तास 'किरकोळ गैरसोय' म्हणून नोंदला जातो. इथे तो अभ्यासातला सर्वांत मोठा धोका ठरू शकतो, म्हणून सराव वेळापत्रकातल्या प्रॅक्टिकलच्या तासातच बसवायला हवा.

दुसरे, संमती. शिक्षकाने वर्गात उभे राहून "ज्यांना भाग घ्यायचा नाही त्यांनी हात वर करा" असे म्हटले, तर किती हात वर जातील? नकार देण्याची सोय कागदावर असते आणि गुण शिक्षकाकडे असतात. त्यावरचा उपाय साधा आहे. शिकवणे सर्वांना सारखेच. संमती मागायची ती फक्त त्या शिकण्याच्या नोंदी संशोधनात वापरण्यासाठी. ती मागायची त्या विषयाशी आणि गुणांशी संबंध नसलेल्या व्यक्तीने, आणि कोणी हो म्हटले, कोणी नाही म्हटले हे शिकवणाऱ्याला निकाल लागेपर्यंत कळू द्यायचे नाही. माघार घेण्याची शेवटची तारीखही सांगून ठेवायची, कारण नावे पुसल्यानंतर कोणाची नोंद कोणती हे संशोधकालाही सांगता येत नाही. यातले काहीही खर्चिक नाही. आणि विद्यार्थ्याला जपण्याइतकाच यात निष्कर्षाचा फायदा आहे. गुणांच्या धाकाने बसलेली मुले नव्या पद्धतीचे तोंडभर कौतुक करतात, अभिप्रायाच्या फॉर्मवर पाचपैकी पाच देतात, आणि ती पद्धत उत्तम असल्याचा शोधनिबंध छापून येतो. दबावाखाली दिलेली संमती असा डेटाच बिघडवते.

अठरा वर्षांखालच्या मुलांचा प्रश्न याहून अवघड. प्रथम वर्षाला सतरा वर्षांची मुले असतात. अभ्यास अकरावी-बारावीच्या आयटी विषयापर्यंत किंवा आश्रमशाळांपर्यंत न्यायचा मोह झाला, तर सगळेच अल्पवयीन. शहापूरला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे आणि दोन्ही तालुक्यांत निवासी आश्रमशाळा आहेत, त्यामुळे एका परवानगीत शेकडो विद्यार्थी मिळण्याची सोय संशोधकाला भुरळ घालणारच. ही सोय कुठे नेते याचे उदाहरण आपल्याच देशात घडले आहे. २००९ साली आंध्र प्रदेशच्या खम्मम जिल्ह्यात दहा ते चौदा वयाच्या मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रात्यक्षिक प्रकल्प झाला. त्यांतल्या अनेक मुली आदिवासी वसतिगृहांत राहत होत्या. पुढे चौकशीत ९,५४३ संमतीपत्रे पाहिली गेली तेव्हा २,७६३ वर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या आढळल्या आणि १,९४८ वर नुसते अंगठे. २०१० मध्ये प्रकल्प थांबला, २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. लसीच्या गुणदोषांचा प्रश्न इथे बाजूला ठेवू. तो वेगळा आहे. लस चांगली असली तरी अधीक्षक म्हणजे आईबाप नव्हेत, आणि टेस्टिंगचा सराव निरुपद्रवी असला तरी हे बदलत नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत बारा ते अठरा वयाच्या मुलांची स्वतःची लेखी अनुमती पालकांच्या संमतीखेरीज वेगळी मागितली आहे, आणि पालकाला वाचता येत नसेल तर मजकूर समजावताना तटस्थ साक्षीदार हवा असे म्हटले आहे. ही तत्त्वे आरोग्यविषयक संशोधनासाठी आहेत, सॉफ्टवेअरच्या वर्गाला ती थेट बांधत नाहीत. पण याहून कमी काहीतरी इथे का चालावे, याचे उत्तर संशोधकाने द्यायला हवे. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडमधली काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात, म्हणून पाड्यावर जाऊन पालकांना भेटताना ग्रामसभेला कळवणे योग्यच. मात्र ग्रामसभेचा ठराव मुलीच्या 'नाही'वर मात करू शकत नाही.

आता मांडणीकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. पहिल्या झटक्यात सुचणारा आराखडा असा: शहापूरला नवी पद्धत, मुरबाडला जुनी, सहा महिन्यांनी तुलना. हा आराखडा अन्याय्य आहे, कारण एका तालुक्याच्या मुलांना जे कमी उपयोगाचे असेल असा आपलाच कयास आहे तेच त्यांना द्यायचे. आणि तो निरर्थकही आहे. शहापूर रेल्वेच्या आणि मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेला, मुरबाड कल्याण-माळशेज रस्त्यावर. शिक्षक वेगळे, लॅब वेगळी, हजेरी वेगळी. फरक दिसला तर तो पद्धतीचा की एसटीचा, हे कोण सांगणार? यावर तोड निघालेली आहे, आणि तीही मुंबईत. २००१ ते २००३ या काळात प्रथम संस्थेच्या बालसखी उपक्रमाचे मोजमाप मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांत झाले. मागे पडलेल्या मुलांना वाचन-गणिताचे पायाभूत धडे देणारी वस्तीतलीच तरुणी म्हणजे बालसखी. संशोधकांनी सोडत काढून काही शाळांत ती तिसरीला दिली आणि काही शाळांत चौथीला. एकही शाळा रिकाम्या हाताने राहिली नाही, आणि प्रत्येक इयत्तेला तुलनेसाठी दुसरा गट आपोआप मिळाला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे हेच विषयांच्या बाबतीत करता येईल. दोन्ही महाविद्यालयांत प्रत्येक वर्गाचे सोडतीने दोन भाग पाडायचे. एका भागाने सीमेवरच्या किमती तपासणे सराव-अ‍ॅपवर शिकायचे आणि टप्प्याटप्प्याने बदलणाऱ्या स्थिती तपासणे व्याख्यानातून, दुसऱ्या भागाने उलट. दोन्ही गोष्टी सर्वांच्या वाट्याला येतात, तुलना एकाच छताखाली होते, आणि परीक्षेच्या आधी उरलेला सराव सर्वांना खुला करता येतो. मुले एकमेकांना सांगतील आणि गट एकमेकांत मिसळतील, हे खरे. तेवढी गळती सोसावी. मैत्रिणीला बग दाखवायला मनाई करणे हा उपाय रोगापेक्षा वाईट.

संख्येचा हिशेबही नैतिकतेतच मोडतो, आणि तो बहुधा कोणी करत नाही. दोन पद्धतींत अर्ध्या प्रमाण विचलनाएवढा, म्हणजे बऱ्यापैकी ठळक फरक असेल तर तो भरवशाने पकडायला प्रत्येक गटात सुमारे ६४ विद्यार्थी लागतात. बालसखीचा परिणाम दुसऱ्या वर्षी ०.२८ होता, तेवढा फरक शोधायचा तर प्रत्येक गटात सुमारे दोनशे हवेत. तालुक्याच्या महाविद्यालयातल्या एका वर्गाचे दोन तुकडे करून हे साधणार नाही. उत्तर देऊच शकणार नाही अशा अभ्यासासाठी तीस मुलांचा वेळ घेणे हीच लबाडी आहे. मग एक तर दोन्ही तालुक्यांतल्या अधिक वर्गांना सामील करून घ्यावे आणि वरच्यासारखी अदलाबदलीची मांडणी वापरावी, जिच्यात प्रत्येक विद्यार्थ्याची तुलना त्याच्याशीच होत असल्याने कमी संख्येत भागते. नाही तर तुलनेचा आव सोडून द्यावा आणि दहा-बारा मुले बग शोधताना मोठ्याने काय विचार करतात हे नीट ऐकून लिहावे. दुसरा मार्ग मला कमी प्रतीचा वाटत नाही.

इतका वेळ नैतिकता आणि विज्ञान हातात हात घालून चालली. नेहमी तसे होत नाही, हे मान्य करायला हवे. संमती खरोखर ऐच्छिक ठेवली, की धीट आणि हुशार मुले जास्त हो म्हणतात. बुजरी मुले गळतात आणि सरासरी फुगते. तिथे विद्यार्थ्याचा हक्क मोठा मानून किती जणांनी नकार दिला तो आकडा छापावा, एवढेच हातात उरते. गळतीचेही तसेच. जुलैत भाताची आवणी असते, घरचे हात शेतात लागतात. दिवाळीनंतर बरीच कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात, आणि घरातला शिकणारा मुलगा कधी धाकट्यांना सांभाळायला, कधी भट्टीवर जातो. हे दिवस न पाहता आराखडा आखला तर 'अभ्यासक्रम अवघड वाटल्याने सोडला' अशा रकान्यात त्यांची नोंद होते, आणि आधीच मागे राहिलेल्या समाजाबद्दल आणखी एक खोटे विधान छापील होते.

विद्यार्थी सराव कशावर करणार, हा प्रश्न टेस्टिंगपुरता खास आहे. गणिताच्या वर्गात मुलांनी चुकीचे उत्तर काढले तर कोणाचे काही बिघडत नाही. टेस्टिंगचा वर्ग मात्र मोडून पाहायलाच शिकवतो. उत्साही शिक्षक म्हणेल, महाडीबीटीचे पोर्टल आहे, ई-पीक पाहणीचे अ‍ॅप आहे, मुलांच्या ओळखीचे आहे, त्यातच बग शोधू द्या. चालू सरकारी यंत्रणेत परवानगीशिवाय असे काही करणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ खाली भरपाईला पात्र ठरू शकते, आणि अप्रामाणिक हेतू असल्याचे ठरले तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंतच्या कैदेला. खोटा अर्ज भरून पाहिला तर त्यामागे खऱ्या कार्यालयातला खरा कारकून वेळ घालवतो, ते वेगळेच. मग मुक्त स्रोत प्रकल्प चालतील का? २०२१ चे मिनेसोटा विद्यापीठाचे प्रकरण इथे वाचण्यासारखे आहे. तिथल्या संशोधकांनी लिनक्सच्या कर्नलसाठी मुद्दाम सदोष बदल पाठवून तपासणारे ते पकडतात का हे पाहिले. विद्यापीठाच्या नैतिकता मंडळाने हे माणसांवरचे संशोधन नाही असे म्हणून सूट दिली होती. पण ते बदल वाचणारी माणसेच होती, आणि आपल्यावर प्रयोग चालू आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. एप्रिल २०२१ मध्ये लिनक्सच्या ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाकडून येणारे बदल घेणेच थांबवले आणि शोधनिबंध मागे घ्यावा लागला. तेव्हा सरावासाठी स्वतः तयार केलेले अ‍ॅप, स्वतःच्या सर्व्हरवर, खोट्या नावांच्या सातबाऱ्यांसह, हेच बरे. त्यात चुका पेरल्या आहेत हेही मुलांना सुरुवातीला सांगावे. कुठे, ते नंतर. "प्रोग्राम बरोबर आहे, फक्त पाहून घ्या" असे सांगून फसवण्याची गरज नाही. टेस्टर असो वा विद्यार्थी, चूक आहे हे गृहीत धरूनच तो कामाला बसतो.

नोंदींचे काय करायचे? नाव काढून आकडा घातला की ओळख लपली, हा समज मोठ्या शहरातला. 'शहापूर तालुक्यातील एका महाविद्यालयातील कातकरी समाजाची तृतीय वर्षाची विद्यार्थिनी' एवढे लिहिले की तिचा पाडादेखील सांगता येईल. म्हणून जात, गाव, वर्ष आणि लिंग हे तपशील एकत्र छापू नयेत, आणि पाचपेक्षा कमी जणांचा गट वेगळा दाखवूच नये. स्क्रीन रेकॉर्डिंग टाळावे, निदान मुलांच्या फोनवर तरी. तो फोन बहुधा घरचा असतो. सराव चालू असताना बहिणीचा मेसेज, बँकेचा ओटीपी, कोणाचा तरी दवाखान्याचा कागद पडद्यावर येतो, आणि संमती त्यांतल्या कोणीच दिलेली नसते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठराखालच्या प्रत्येकाला बालक मानून पालकांची पडताळता येणारी संमती मागितली आहे. संशोधनासाठी त्यात सूट आहे, पण लागत नाही ती माहिती गोळाच केली नाही तर सूट शोधण्याची वेळ येत नाही.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. तालुक्याच्या महाविद्यालयात नैतिकता समिती नसते. दोन शिक्षकांवर चार जणांचा भार असतो. एवढे सोपस्कार मागाल तर ते संशोधनच करणार नाहीत, आणि मग या भागाबद्दल मुंबई-पुण्याचेच लोक लिहीत राहतील. शेवटचा भाग खरा आहे. तानसा आणि भातसा धरणे शहापूर तालुक्यातली, पाणी मुंबईचे. बाहेरून येऊन काहीतरी घेऊन जाणाऱ्यांची इथे सवय झालेली आहे. पण म्हणूनच इथल्या शिक्षकाचा आराखडा बाहेरच्यापेक्षा पक्का असायला हवा. आयसीएमआरची तत्त्वे स्वतःची समिती नसलेल्या संस्थेला करार करून दुसऱ्या संस्थेची समिती वापरू देतात. हीच वाट इथे चालेल. तेवढेही जमले नाही तर शेजारच्या महाविद्यालयाचा एक प्राध्यापक, एक वकील, आणि ज्याचा कोणत्याही कॉलेजशी संबंध नाही असा गावातला एक माणूस, अशा तिघांपुढे चार पानांचा आराखडा ठेवावा. प्रोग्राम लिहिणाऱ्याने तो एकट्याने तपासू नये, कारण आपली चूक आपल्याला दिसत नाही, हे मायर्स यांनीच सांगून ठेवले आहे. टेस्टिंग शिकवणाऱ्याला हे पटवून द्यावे लागू नये.

त्या तिघांनी विचारण्याचा एक प्रश्न असा: मुलांना नेमके काय मिळेल असे तुम्ही सांगितले आहे? ऐरोलीच्या आयटी पार्कच्या काचा पाहिलेल्या मुलाला 'टेस्टिंगचा विशेष अभ्यास' म्हटले की नोकरी ऐकू येते. संमतीपत्रात स्पष्ट मराठीत लिहावे की हे प्रशिक्षण नोकरीची हमी देत नाही, कोणत्याही परीक्षेचे प्रमाणपत्रही देत नाही, आणि नवी पद्धत चांगली ठरेल की नाही हे आम्हालाच अजून ठाऊक नाही. जादा वेळ थांबावे लागलेच तर एसटीचे भाडे आणि चहा द्यावा. त्याहून जास्त पैसे देऊ नयेत, कारण मग नकार परवडेनासा होतो. निकाल लागल्यावर तो दोन्ही महाविद्यालयांत मराठीत सांगावा, दोन्ही पद्धतींत काहीच फरक आढळला नाही तरीही. सराव-अ‍ॅप, त्याचा कोड आणि धड्यांच्या फाइली तिथल्या लॅबमध्येच ठेवून याव्यात. पेरलेल्या चुकांची यादी मात्र विभागप्रमुखांच्या कपाटात कुलूपबंद असावी, नाही तर पुढच्या जूनपर्यंत ती मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरलेली असेल.